काटा शून्यावर, तरी फोटो काळा नाहीतर पांढराफटक का येतो?

हा प्रश्न थोड्या थोड्या दिवसांनी कुणी ना कुणी विचारतंच. कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावतो त्या खिडकीत, खाली (काही कॅमेऱ्यांत उजव्या कडेला उभी) ती रेघांची पट्टी दिसते ना, मधे शून्य, एका बाजूला मायनस, दुसऱ्या बाजूला प्लस, तिच्यातला काटा बरोब्बर मधे आणला, फोटो काढला, आणि बघतो तर फोटो काळपट, किंवा चेहरा पार बर्न. मग पहिला संशय कॅमेऱ्यावर. कुणीतरी सांगतं मीटर गेलाय, सर्व्हिसला टाक. आणि बहुतेक वेळा मीटर ठणठणीत असतो, त्याला काय विचारलं जातंय आणि तो काय उत्तर देतोय यातच घोळ असतो.

कॅमेऱ्यातला मीटर मोजतो तो समोरच्या वस्तूवरून परत येणारा प्रकाश. वस्तू काय आहे हे त्याला कळत नाही. सावलीतला पांढरा शर्ट आणि उन्हातली राखाडी भिंत, दोन्हीकडून लेन्समध्ये येणारा प्रकाश अगदी सारखा असू शकतो, मग त्याने ओळखायचं कसं? म्हणून त्याला एक गोष्ट ठरवून दिलेली असते, की जे दिसतंय ते मध्यम राखाडी आहे असं समज. यालाच सगळे १८ टक्के ग्रे म्हणतात. तेव्हा काटा शून्यावर याचा अर्थ एवढाच, की या शटर (उजेड किती वेळ आत येतो), अपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडं) आणि आयएसओला (सेन्सरची संवेदनशीलता) मी जे बघतोय ते मध्यम राखाडी येईल. फोटो बरोबर येईल असं तो कुठेही म्हणत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या तक्रारी तिथेच संपतात, खरंच सांगतो.

उदाहरण वारीचंच घ्या, कारण आषाढात सगळ्यात जास्त तक्रारी तिथल्याच असतात. दिवे घाट, ढगाळ हवा, समोर पांढरा सदरा, धोतर, टोपी घातलेले वारकरी, फ्रेमचा अर्ध्याहून जास्त भाग पांढरा आणि वरती पांढरं आभाळ. आयएसओ २००, एफ ५.६ (हा अपर्चरचा आकडा, मोठा आकडा म्हणजे बारीक छिद्र), काटा शून्यावर आणला तर शटर आलं १/८०० सेकंद. फोटो काढला तर टोप्या मळक्या राखाडी, आणि त्याखालचे चेहरे इतके काळे की कपाळावरचा बुक्का आणि कपाळ यात फरक कळेना. कॅमेऱ्याने नेमकं सांगितलेलं काम केलं, पांढऱ्याला राखाडी करून दिलं. इथे शटर १/४०० वर आणायचं, म्हणजे उजेड दुप्पट, यालाच एक स्टॉप म्हणतात, काटा प्लस १ वर जाईल, जाऊ द्यायचा. टोपी पांढरी येते, तिच्या घड्या शाबूत राहतात आणि चेहऱ्यात जीव येतो. पट्टीवर दोन आकड्यांच्या मधे दोन ठिपके असतात, म्हणजे एक ठिपका एक तृतीयांश स्टॉप (कॅमेरा अर्ध्या स्टॉपवर लावला असेल तर एकच ठिपका), तेव्हा घाबरत घाबरत एक ठिपका ढकलून काही होत नाही, अख्खा स्टॉप द्यायला लागतो, कधी दीड.

उलट बाजू म्हणजे नाट्यगृह. मागे काळा पडदा, मधे एकट्या नटावर स्पॉटलाइट. फ्रेमचा बहुतेक भाग काळा, मग मीटर म्हणणार अंधार आहे, उजेड वाढव, आणि काटा शून्यावर आणलात की काळा पडदा राखाडी धुरकट आणि चेहरा पांढराफटक, नाक-डोळे गायब. इथे मायनस द्यायचं, एक ते दोन स्टॉप, फ्रेममध्ये काळं किती आहे त्यावर. काळी म्हैस जवळून काढताना पण हेच, काळ्या पैठणीतली नवरी फ्रेम भरून घेतली तरी हेच. पांढऱ्याला प्लस, काळ्याला मायनस. ऐकायला उलटं वाटतं, नवीन माणूस नेहमी पांढरं दिसलं की मायनस करायला जातो, पण मीटर आधीच पांढऱ्याला दाबून बसलाय, आपण त्याला परत वर उचलतोय असं धरा.

आता काहीजण म्हणतील आमच्याकडे मॅट्रिक्स आहे, इव्हॅल्युएटिव्ह आहे (अख्खी फ्रेम बघून मोजायचे मोड), ते सगळं ओळखतं. बरोबर आहे, १९८३ च्या निकॉन एफए पासून फ्रेमचे भाग पाडून मोजायची पद्धत आली आणि आताचे कॅमेरे चेहरा, रंग, फोकस कुठे आहे हे पण धरतात, त्यामुळे रोजच्या फोटोंत ते चांगलंच काम करतं. पण अख्खी फ्रेम एकाच टोकाची असली, सगळं पांढरं किंवा सगळं काळं, की तेही फसतं, फक्त थोडं कमी फसतं. स्पॉट मोडने (हा फ्रेमचा छोटा तुकडाच मोजतो) थेट पांढऱ्या कापडावर मोजलं तर जवळजवळ दोन स्टॉप प्लस लागतो, मॅट्रिक्सने तीच फ्रेम पाऊण-एक स्टॉपमध्ये भागते.

म्हणून मोजायचा मोड कुठला आहे ते आधी बघा. कॅमेरा जरा हलला की काटा इकडून तिकडे उड्या मारतोय, एकाच जागी उभं राहून दोन फोटोंत दोन स्टॉपचा फरक येतोय, तर नव्वद टक्के वेळा कॅमेरा स्पॉटवर राहिलेला असतो. स्पॉट फ्रेमचा अगदी छोटा तुकडा मोजतो, साधारण दीड ते चार-पाच टक्के, बॉडीप्रमाणे (बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा). तो तुकडा नवरदेवाच्या फेट्यावर पडला तर एक उत्तर, शेजारच्या काळ्या कोटावर पडला तर भलतंच. आणि अजून एक भानगड, निकॉनमध्ये स्पॉट तुमच्या फोकस पॉइंटबरोबर फिरतो, कॅननच्या बऱ्याच डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) बॉडींमध्ये तो मधोमधच राहतो, फोकस पॉइंट कुठेही न्या. त्यामुळे निकॉनवाल्या मित्राने सांगितलेली युक्ती कॅननवर चालत नाही आणि मग लोक म्हणतात कॅमेरा खराब. मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) हे बहुधा मेनूमधून ठरवता येतं, एकदा जाऊन बघून ठेवा.

स्पॉट वापरायचाच असेल तर चेहऱ्यावर वापरा, पण आकडे उसने घेऊ नका. बाहेरच्या व्हिडिओंमध्ये सर्रास सांगतात की चेहऱ्यावर स्पॉट घ्या आणि प्लस १ ठेवा. ते गोऱ्या युरोपियन कातडीसाठी ठीक आहे. आपल्याकडचा गव्हाळ रंग मध्यम राखाडीच्या बराच जवळ असतो, शून्य किंवा एखादा ठिपका प्लस पुरतो, आणि उन्हात रापलेला सावळा चेहरा असेल तर मायनस अर्धा-पाऊण सुद्धा बरोबर असतं. सावळ्या माणसाला प्लस १ देऊन फिकट, पावडर लावल्यासारखा करून ठेवलेले लग्नाचे अल्बम बघितले की मला मनापासून वाईट वाटतं, तो माणूस तसा दिसतच नाही हो! याला चांगला उपाय म्हणजे तळहात. चेहऱ्याचे रंग कितीही वेगळे असले तरी तळहातात फरक खूप कमी असतो, आणि तळहात मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. ज्या उजेडात माणूस उभा आहे त्याच उजेडात आपला तळहात धरायचा, उजेडाकडे तोंड करून, स्पॉटने तो मोजायचा, मॅन्युअलमध्ये (शटर-अपर्चर दोन्ही आपण लावायचा मोड) काटा प्लस १ वर आणायचा आणि मग हात काढून बिनधास्त शूट करायचं. उजेड बदलेपर्यंत पट्टीकडे बघायचं पण नाही, काटा नाचू दे हवा तसा. ग्रे कार्ड (मध्यम राखाडी रंगाचं कार्ड) असेल तर उत्तमच, ते मोजून शून्य, पण गर्दीत कार्ड कोण काढतंय.

पुढची तक्रार: “मी काटा हलवायचा प्रयत्न करतो पण तो शून्यावरून हलतच नाही.” याची दोन कारणं असतात, आणि दोन्हीत मीटरचा दोष नाही. पहिलं म्हणजे तुम्ही ए, एव्ही, एस, टीव्ही नाहीतर पी मोडमध्ये आहात (ए/एव्हीत अपर्चर तुम्ही लावता, एस/टीव्हीत शटर, पीत दोन्ही कॅमेरा). तिथे पट्टीचं काम वेगळं असतं. अपर्चर तुम्ही बदललं की शटर कॅमेरा बदलतो, म्हणजे हिशोब तो स्वतःच जुळवून टाकतो, आणि पट्टीवर दिसतं ते तुम्ही लावलेलं कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो इतका उजळ किंवा गडद कर अशी कॅमेऱ्याला दिलेली प्लस-मायनसची सूचना. ते लावलं नाही तर काटा मधे राहणारच. दुसरं कारण म्हणजे मॅन्युअल मोड पण आयएसओ ऑटोवर. शटर फिरवा, अपर्चर फिरवा, आयएसओ गुपचूप वर-खाली होत राहतो आणि काटा शून्यावर चिकटून. लोक याला मॅन्युअल म्हणतात पण एक्स्पोजर, म्हणजे फोटो किती उजळ येणार ते, अजून कॅमेराच ठरवतोय. आयएसओ त्याच्या मर्यादेला, समजा ६४०० लावलीय, तिथे जाऊन आपटला की मगच काटा मायनसकडे सरकायला लागतो. एक तर आयएसओ हाताने लावा, नाहीतर मॅन्युअल-ऑटो आयएसओमध्ये कॉम्पेन्सेशन वापरा. काही जुन्या बॉडींमध्ये ती सोयच नाही, तिथे आयएसओ हातानेच.

कॉम्पेन्सेशनवरून आठवलं, सगळ्यात जास्त फोटो याने वाया जातात: काल लावलेलं कॉम्पेन्सेशन आज तसंच राहिलेलं असतं. निकॉनमध्ये आणि कॅननच्या बऱ्याच बॉडींमध्ये कॅमेरा बंद करून चालू केला तरी ते जात नाही. डायलवालं असेल तर पिशवीत घासून पण फिरतं. काल नाटकाला मायनस दीड लावलं, आज मुंजीला फुल ऑटोच्या बाहेर आलात की सगळे फोटो काळे. शिवाय निकॉनमध्ये एक लपलेली गोष्ट आहे, मॅन्युअल मोडमध्ये कॉम्पेन्सेशन लावलं तर (आयएसओ ऑटो नसताना) शटर-अपर्चर बदलत नाही, पण पट्टीचं शून्यच सरकतं. म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणे काटा मधे आणताय आणि ते “मधे” खरं तर मायनस दीड आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये प्लस-मायनसची छोटी खूण दिसतेय का बघा, दिसली की आधी ते शून्य करा. याच्याच जोडीला निकॉनच्या जुन्या बॉडींवर पट्टी उलटी असायची, प्लस डावीकडे आणि मायनस उजवीकडे. सेकंडहँड बॉडी घेतलीय आणि दुसऱ्या कंपनीची सवय आहे तर माणूस नेमका उलटा दुरुस्त करत जातो, जितकं सुधारायला जावं तितकं बिघडतं. बऱ्याच बॉडींमध्ये कस्टम सेटिंगमध्ये रिव्हर्स इंडिकेटर्स म्हणून पर्याय असतो, तो लावून टाका.

काटा टोकाला जाऊन लुकलुकत असेल किंवा टोकाला बाण दिसत असेल तर पट्टीच्या बाहेर गेलाय, दोन-तीन स्टॉपच्या पलीकडे. दुपारी मैदानात १/४००० वर शूट करून संध्याकाळी तसंच हॉलमध्ये शिरलात की हे होतं. एव्ही मोडमध्ये शटरचा आकडा लुकलुकला तर सर्वात जलद शटर पण पुरत नाहीये, म्हणजे अपर्चर बारीक करा नाहीतर आयएसओ उतरवा, आणि ३० सेकंदाचा आकडा लुकलुकला तर उलटं. पट्टीच दिसत नाही अशी पण तक्रार येते, तर शटर बटण अर्धं दाबा, मीटर काही सेकंदांनी बॅटरी वाचवायला झोपतो, बस एवढंच.

ट्रायपॉडवाल्यांसाठी एक खास, आणि हे फक्त डीएसएलआरला लागू आहे. माळशेजला धबधब्याचा लाँग एक्स्पोजर, एनडी फिल्टर (लेन्सवरची उजेड कमी करणारी काच) लावलाय, टायमर लावून बाजूला उभे राहिलात, आणि फोटो अपेक्षेपेक्षा काळा. डीएसएलआरमध्ये मीटरचा सेन्सर वरती व्ह्यूफाइंडरच्या प्रिझमजवळ असतो. एरवी तुमचा डोळा आयपीस (व्ह्यूफाइंडरचं मागचं तोंड) झाकून ठेवतो, आता मागून उजेड थेट आत शिरला, लेन्समधून एनडीमुळे येतोय इवलासा, मग मीटरला वाटतं भरपूर उजेड आहे आणि तो शटरची वेळ कमी करतो. आयपीस झाका. कॅननच्या बऱ्याच गळ्यातल्या पट्ट्यांवर रबराचं एक चौकोनी टोपण अडकवलेलं असतं, लोक वर्षानुवर्षं ते कशासाठी आहे हे न कळता गळ्यात घालून फिरतात, ते याचसाठी आहे. नसेल तर टोपी टाका वरून. मॅन्युअलमध्ये आधी डोळा लावून मोजलं असेल तर फरक पडत नाही.

मिररलेसमध्ये हा प्रश्न नाही कारण तिथे मुख्य सेन्सरच मोजतो, पण तिथे दुसराच त्रास आहे. व्ह्यूफाइंडर म्हणजे छोटा स्क्रीन, त्यात फोटो जसा येणार तसा दिसतो म्हणून लोक पट्टीकडे बघणंच सोडतात आणि डोळ्याने ठरवतात. कडक उन्हात डोळ्याची बाहुली बारीक झालेली असते, स्क्रीन काळपट वाटतो, मग आपण एक्स्पोजर वाढवतो आणि घरी येऊन बघतो तर सगळं ओव्हर (गरजेपेक्षा उजळ). अंधाऱ्या हॉलमध्ये तोच स्क्रीन लख्ख दिसतो आणि फोटो अंडर येतात. स्क्रीनची ब्राइटनेस ऑटोवर असली तर अजून गोंधळ. त्यापेक्षा व्ह्यूफाइंडरमध्येच हिस्टोग्राम (फ्रेममधल्या उजेडाचा आलेख) लावून ठेवा, उजव्या भिंतीला डोंगर आदळतोय का तेवढं बघायचं, किंवा झेब्रा लावा, जिथे पट्टे आले तिथला पांढरा जायच्या बेतात आहे. हे दोन्ही जेपेगच्या हिशोबाने दाखवतात, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) त्याहून थोडी जागा शिल्लक असते, किती ते आपल्या बॉडीवर एकदा तपासून ठेवावं.

आणि स्क्रीनवर फोटोसारखं दिसतच नसेल, शटर कितीही फिरवलं तरी उजेड तसाच, तर ते सेटिंग बंद आहे. सोनीत लाइव्ह व्ह्यू डिस्प्लेमध्ये सेटिंग इफेक्ट ऑन, कॅननमध्ये एक्स्पोजर सिम्युलेशन, फुजीत मॅन्युअलसाठी प्रिव्ह्यू एक्स्पोजर. उलट स्टुडिओ लाइटवर शूट करताना हेच बंद करायचं असतं, कारण १/१६०, एफ ८, आयएसओ १०० ला खोलीतला उजेड काहीच नसतो आणि व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट होतो. पट्टी पण तिथे मायनसच्या टोकाला बसणार आणि फोटो मस्त येणार, कारण पट्टी फक्त आधीपासून असलेला उजेड मोजते, फ्लॅश अजून पेटलेलाच नाही तर तो मोजणार कसा. फ्लॅशच्या कामात पट्टी मागच्या बॅकग्राउंडसाठी वापरा, माणसाचा उजेड फ्लॅशच्या पॉवरने ठरवा.

हॉलमधल्या ट्यूबलाइट आणि एलईडीखाली सलग फोटोंमध्ये एक उजळ एक काळा असं येत असेल तर मीटरला दोष देऊ नका. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, १/५०० ला तुम्ही त्यातला एखादाच तुकडा पकडता. १/१०० किंवा १/५० वर या, नाहीतर कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर लावा. काही एलईडी वेगळ्याच गतीने लुकलुकतात, त्यांच्यापुढे हा उपाय पण चालेलच असं नाही.

एवढं सगळं बघून झालं, मोड बरोबर, कॉम्पेन्सेशन शून्य, आयएसओ हाताने, तरी गडबड आहे, तर मग मीटरची परीक्षा घ्या. स्वच्छ उन्हात, दुपारच्या सुमारास, आभाळ मोकळं असताना, पावसाळ्यात नको. आयएसओ १००, एफ १६, शटर १/१००. उन्हातलं हिरवं गवत किंवा जुना राखाडी झालेला डांबरी रस्ता फ्रेम भरून घ्या, आपली सावली त्यात येऊ देऊ नका. काटा शून्याच्या आसपास, अर्ध्या-पाऊण स्टॉपच्या आत पाहिजे. आसपास असेल तर मीटर चांगला आहे. दोन-दोन स्टॉप इकडे-तिकडे असेल तर आधी लेन्सवरचा फिल्टर काढून बघा, डीएसएलआरवर जुना लिनियर पोलरायझर लावलेला असेल तर त्यानेही मीटर चुकतो, तिथे सर्क्युलरच लागतो. आणि जुनी मॅन्युअल लेन्स असेल तर निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडी चिप नसलेल्या लेन्सवर मीटर चालवतच नाहीत, तो बिघाड नव्हे.

मीटर परीक्षेत पास झाला तरी फोटो ओव्हर येतायत? मग त्याच ठिकाणी, त्याच गवतावर, दोन फोटो काढा. एक लेन्स पूर्ण उघडी ठेवून, समजा एफ २.८ ला, आणि एक एफ ११ ला, दोन्ही वेळा शटर बदलून काटा शून्यावर आणून. दोन्ही सारखेच उजळ यायला पाहिजेत. पहिला बरोबर आणि दुसरा भलताच पांढरा असेल तर दोष लेन्सच्या पात्यांत (अपर्चरचं छिद्र लहान-मोठं करतात त्या) आहे. डीएसएलआर मोजताना लेन्स पूर्ण उघडी ठेवतो आणि पाती बंद होतात ती फोटोच्या क्षणी, त्यांना तेल लागून ती चिकटली तर वेळेवर बंद होत नाहीत, मीटर एफ ११ धरून बसतो आणि आत उजेड एफ ४ चा जातो. डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण (फोटोआधीच पाती मिटवून दाखवणारं) असेल तर एफ ११ लावून ते दाबा आणि लेन्समध्ये समोरून बघा, पाती झटकन मिटायला हवीत, आळसावून हळूहळू मिटत असतील किंवा त्यांच्यावर तेलाचा चकचकीत डाग दिसत असेल तर दुरुस्तीवाल्याकडे फक्त लेन्स न्या आणि पाती साफ करायची आहेत असं स्पष्ट सांगा, बॉडी उघडू देऊ नका.